देवी बाहेर बसली तेव्हा

आम्ही मायलेकी गुवाहाटीत उतरलो तेव्हा कामाख्येचं दार मिटलेलं होतं. तारीख 22 जून 2023. ठरवूनच तसं आलो होतो. एरवी माणूस देवळात जातो ते दार उघडं असताना. नीलाचल डोंगरावर वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी लोटते ती दार बंद असताना. तीन दिवस आत पूजा नाही, नैवेद्य नाही, कुणाला दर्शन नाही. नंतर देवीला न्हाऊ घालतात, मग दार उघडतं. याला अंबुबाची म्हणतात.

हे सगळं मी मायला गाडीत समजावून सांगत होते. भुसावळ मागं पडलं होतं. डब्यातली माणसं जागी होती म्हणून मी जरा आडून आडून बोलत होते. देवी विश्रांती घेते, तीन दिवस कुणाला भेटत नाही, असं काहीतरी. मायनं मला मध्येच तोडलं.

"बाहेर बसती, असं सरळ सांग की."

मी गप्प झाले. वीस वर्षं मी आरोग्यसेविकेचं काम करते. शाळाशाळांतून मुलींना पाळीबद्दल सांगते, फळ्यावर गर्भाशयाचं चित्र काढते. तरी चार परक्या माणसांत तो शब्द माझ्या जिभेवर आला नव्हता. मायच्या आला. बाहेर बसणं हे मी जन्मभर बायकांबद्दल ऐकत आले. कावळा शिवला, अडचण आली, शिवायचं नाही, सगळं ऐकलं. पण देवी बाहेर बसली, हे वाक्य त्या दिवशी पहिल्यांदा कानावर पडलं.

आमचं गाव आष्टी तालुक्यातलं, बीड जिल्ह्याच्या टोकाचं. सावरगावचा मायंबा, म्हणजे मच्छिंद्रनाथांचं समाधीस्थान, आमच्याच बाजूला. श्रावणात घरोघर नवनाथांची पोथी लागते. मायला वाचता येत नाही, पण ऐकून ऐकून पोथी तिला पाठ झाली आहे. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात गेले, तिथल्या राणीपाशी रमले, आणि त्यांना सोडवायला गेलेल्या गोरक्षनाथांच्या मृदंगातून 'चलो मच्छिंदर, गोरख आया' असा बोल उठला, हा अध्याय लागला की हातातलं काम टाकून ती येऊन बसायची. ते स्त्रीराज्य म्हणजे कामरूप देश, कामाख्येचा मुलूख, असं आमच्याकडची जुनी माणसं सांगत. त्या नावाला एक भीतीही चिकटलेली होती. तिकडच्या बाया माणसाचं मेंढरू करून ठेवतात, असं आजी म्हणायची. मायला भीती नव्हती, ओढ होती. "जिथं नाथाला बी ऱ्हावंसं वाटलं, तिथं काहीतरी असंलच की," हे ती कितीदा म्हणाली असेल याला गणती नाही. तिच्या बासष्टाव्या वर्षी मला रजा मिळाली, कल्याणहून तिकिटं मिळाली, आणि आम्ही निघालो. दोन रात्री गाडीत गेल्या.

आसामात हा मेळा आषाढाच्या पहिल्या आठवड्यात येतो. तिकडच्या उच्चारात आहार महिना. सूर्य मिथुन राशीत आर्द्रा नक्षत्रात शिरतो तेव्हा पृथ्वी रजस्वला होते, अशी श्रद्धा आहे. आर्द्रा म्हटलं की आपल्या शेतकऱ्याचे कान टवकारतात. मृग हुकला तर आर्द्रात तरी पेरणी साधावी म्हणून आपण पंचांगात नक्षत्राचं वाहन बघतो, बेडूक आहे का म्हैस, पाऊस देईल का हुलकावणी. नक्षत्र तेच, आभाळ तेच. पण तिकडं या तीन दिवसांत जमिनीला नांगर लावत नाहीत, कुदळ मारत नाहीत, बी टाकत नाहीत. घरातले देव कापडानं झाकून ठेवतात. पोथ्या मिटून ठेवतात. विधवा बाया आणि व्रत करणारी माणसं चुलीवर शिजवलेलं खात नाहीत, फळांवर राहतात. नंतर घरदार धुऊन पुसून सगळं पुन्हा सुरू होतं. ओडिशातही याच सुमाराला रज नावाचा सण असतो. तिथंही तीन दिवस भुई खणत नाहीत, आणि मुली नवे कपडे घालून झाडांना बांधलेल्या झोपाळ्यांवर झुलतात. त्या तीन दिवसांत मुलींनी काम करायचं नसतं. हे मायला सांगितलं तर तिला खरंच वाटेना. "पोरींनी झोके घ्यायचे? पाळीच्या सणाला?" असं तिनं दोनदा विचारून घेतलं.

मेळ्यात गाड्या डोंगरावर सोडत नव्हते. आम्ही पायीच चढलो. मायचे गुडघे दुखतात, त्यामुळं दहा पावलं चालायचं आणि टेकायचं. जुनी दगडी वाटही आहे एक, नरकासुराच्या नावावर सांगतात. देवीशी लग्न करायचं म्हणून एका रात्रीत पायऱ्या बांधायची अट त्यानं घेतली, काम उरकत आलं, तेवढ्यात देवीनं वेळेआधीच कोंबडा आरवायला लावला. माय म्हणाली, "हुशार बाई." वाटेच्या दोन्ही अंगांना जास्वंदीच्या माळा, लाल कापडाचे तुकडे, सिंदूर, शंखाचे चुडे. लाल छाट्या नेसलेले साधू, जटा पार कमरेपर्यंत. बंगालचे बाऊल एकतारी घेऊन गात होते. हवा अंगाला चिकटणारी. मधूनच सर यायची आणि पुन्हा ऊन. वर आल्यावर झाडांच्या फटीतून खाली ब्रह्मपुत्र दिसला. पलीकडचा काठ धूसर होता. ती नदी नाही, नद आहे, पुरुष आहे, हे मायला फार आवडलं. तिच्या मते एवढ्या मोठ्या देवीच्या पायाशी एक तरी पुरुष बसायलाच हवा होता.

देवळाचा घुमट मधाच्या पोळ्यासारखा. जुनं देऊळ पडल्यावर कोच राजा नरनारायण आणि त्याचा भाऊ चिलाराय यांनी 1565 साली ते पुन्हा उभं केलं. खालचा भाग जुन्या दगडाचा, वर विटांचा घुमट. नंतर आहोम राजांनी पुढचा नाटमंडप बांधला. डोंगरावर दशमहाविद्यांची, म्हणजे देवीच्या दहा रूपांची, आणखी देवळं आहेत, भुवनेश्वरीचं पार शेंड्यावर. हे सगळं मी मायला दाखवत होते, पण तिचं ध्यान दुसरीकडंच होतं. ती माणसं बघत होती.

कारण सगळा डोंगर नुसता बसलेला होता. बंद दारासमोर, भिंतींना टेकून, कुंडाच्या पायऱ्यांवर, प्लास्टिकच्या कागदाखाली, मंडपांत. कुणी दिवा लावून ठेवलाय, कुणी उदबत्त्यांचा जुडगा धरलाय, कुणी माळ ओढतंय, बाकीचे काहीच करत नव्हते. माणसं शेकडो मैलांवरून आलेली आणि आल्यावर काय करायचं तर थांबायचं. दर्शनाची घाई नाही, कारण दर्शनच नाही. मी पंढरीची बारी पाहिली आहे, तुळजापूरची रांग पाहिली आहे. तुळजाभवानी वर्षातून तीनदा मंचकी निद्रा घेते, तेव्हा तिची मूर्ती पलंगावर निजवलेली असते. देवीनं आराम करायचा असतो ही गोष्ट आपल्याला परकी नाही. पण देवीला पाळी आली म्हणून जग थांबलंय, आणि ते उघडपणे, भोंग्यावरून पुकारून, हे माझ्या डोळ्यांना नवं होतं.

माय एका पायरीवर टेकली. डोक्यावरचा पदर सारखा केला. बराच वेळ तिनं त्या बंद दाराकडं पाहिलं.

"हिच्यासाठी एवढी माणसं खोळंबलीत," ती म्हणाली. "आन् कुणी कुरकुर करीना."

एवढंच बोलली. पण ती कुठून बोलतेय ते मला कळलं.

माझे आई-दादा, म्हणजे आईवडील, ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असायची, टोळी निघायची, आणि आम्ही भावंडं आजीजवळ गावात राहायचो. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत, आई नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसं मोजतच नाहीत, कोयते मोजतात. त्यामुळं बाईनं एक दिवस अंग टाकलं तर कोयताच मोडतो, दोघांचा खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे उचलीच्या हिशेबात कापले जातात. पहाटे तीनला फडात उतरायचं. दादा तोडायचे, ती पाचट काढून मोळ्या बांधायची, डोक्यावर घेऊन गाडीपाशी न्यायची, फळीवरून चढून टाकायची. राहायला कोपी. अंगाला पाणी नाही, आडोसा नाही. गावात माझी आजी सुनांना चार दिवस ओसरीच्या कोपऱ्यात बसवायची, वेगळी वाकळ, वेगळं ताट. फडावर तेही नव्हतं. मायनंच एकदा मला सांगितलं, "बाहेर बसायला आधी आत ऱ्हावं लागतं. आमचं समदंच बाहेर." फाटक्या लुगड्याची घडी घ्यायची आणि कोयता हातात धरायचा. घडी वाळवायला जागा नाही म्हणून ओलीच पुन्हा घ्यायची. जांघा सोलून निघायच्या.

मग पोट दुखायला लागलं, अंगावरून पांढरं जायला लागलं. मी पंधरा वर्षांची होते. उन्हाळ्यात गावी आल्यावर दादा तिला तालुक्याच्या पलीकडं एका दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी हात लावून पाहिलं आणि सांगितलं, पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. तपासणी म्हणावी अशी काही झालीच नाही. तीन लेकरं झालीत, आता पिशवीचं काय काम, असं तिथं कुणीतरी म्हणालं, ते मी माझ्या कानांनी ऐकलं. आईला पस्तिसावं लागलं होतं. मुकादमाकडून आणखी उचल घेऊन पैसे भरले. दसऱ्याला ती पुन्हा मोळ्या उचलत होती.

मी पुढं या कामात शिरले त्याला कारण तो दवाखाना. शिकल्यावर कळलं की तिला जे होत होतं त्यातलं बरंचसं साध्या गोळ्यांनी बरं होण्यासारखं होतं. आणि हेही कळलं की पस्तिशीत पिशवी गेली, त्यात बीजकोशही काढले गेले, तर हाडं लवकर झिजतात, अंगाची लाही होते, झोप उडते. मायचे गुडघे, तिची कंबर, रात्री उठून ओसरीत फेऱ्या मारणं, हे सगळं मग माझ्यासाठी उलगडत गेलं. 2019 साली राज्य सरकारनं नेमलेल्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची माहिती घेतली. त्यात 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पेपरात आकडा वाचून लोक हळहळले. मला त्यात नवल वाटलं नाही. आमच्या आळीत मोजायला गेलं तर एका हाताची बोटं पुरायची नाहीत. पाळी नको म्हणून कुणी हौसेनं पोट कापून घेत नाही. महिन्याचे चार दिवस परवडत नाहीत म्हणून कापून घेतात.

आणि इथं डोंगरभर माणसं दगडाच्या पाळीसाठी फळं खाऊन बसली होती.

हे लिहिताना माझ्या मनात त्या माणसांबद्दल कडवटपणा नाही. उलट मला ते फार थोर वाटलं. कुणीतरी, कधीतरी, किती जुन्या काळी, असं ठरवलं असेल की जी पिकवते तिला थकवाही येतो आणि तिचे तीन दिवस तिला दिले पाहिजेत. पाऊस पडलेला असतो, वाफसा आलेला असतो, पेरायची घाई असते, नेमकं तेव्हाच हात आवरायचा. शेतकऱ्यासाठी ही साधी गोष्ट नाही. आपल्याकडं नागपंचमीला हेच करतो ना आपण? त्या दिवशी कुणी नांगरत नाही, खणत नाही, बायका विळीवर काही चिरत नाहीत, तवा ठेवत नाहीत. आमच्या घरात त्या दिवशी दिंडं उकडतात. ते नागासाठी असं आपण म्हणतो, पण वारूळ म्हणजे शेवटी भुईचंच पोट. गोव्यात आणि तळकोकणात सातेरीदेवी वारुळाच्या रूपात पुजतात, आणि भूमिका हेही तिकडच्या देवीचंच नाव. म्हणजे ही समज आपल्या मातीतही आहे. ती फक्त बाईपर्यंत पोचली नाही.

पांडू घाटाजवळच्या छावणीत आम्ही उतरलो होतो. मोठे मांडव, खाली ताडपत्री, प्रत्येकाला हातभर जागा. आमच्या शेजारी बंगालच्या नदिया जिल्ह्यातलं एक कुटुंब होतं. सासू, मुलगा, सून. लग्नाला सहा वर्षं झालेली, मूल नाही. सून असेल पंचविशीची. अंबुबाचीनंतरचं देवीचं अंगवस्त्र आणि अंगोदक मिळालं की कूस उजवते असं ऐकून आलेली. अंगवस्त्र म्हणजे त्या तीन दिवसांत देवीवर असलेल्या लाल कापडाचा तुकडा, आणि अंगोदक म्हणजे गाभाऱ्यातल्या झऱ्याचं पाणी. अशी कितीतरी जोडपी मांडवात होती. ही पोर मायशी खुणांनी बोलायची. माय मराठीत, ती बंगालीत, आणि दोघींचं छान चाललेलं.

24 तारखेच्या संध्याकाळी ती मांडवाच्या मागं बसून रडताना दिसली. तिला पाळी आली होती. सासूचं म्हणणं, आता वर यायचं नाही, रांगेत उभं राहायचं नाही. आम्ही दोघं दर्शन घेऊन येतो, तू इथंच थांब. सहा वर्षं मूल नाही, दोन वर्षं पैसे साठवून आलेली, आणि देवीचं दार उघडायच्या आदल्या दिवसांत ती स्वतःच दाराबाहेर.

मी हिंदीत सासूला समजवायला लागले. पाळी आली म्हणजे शरीर चांगलं चाललंय, मूल व्हायची आशा आहे, तुम्ही ज्या देवीकडं आलात ती स्वतः याच कारणासाठी आत बसली आहे. सासू वाईट बाई नव्हती. ती हात जोडून म्हणाली, दीदी, हे सगळं खरं, पण पाप मी माझ्या डोक्यावर कसं घेऊ? यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. रक्ताला पुजणारी आणि रक्ताला भिणारी माणसं एकच होती, एकाच ताडपत्रीवर. देवीची पाळी पवित्र आणि पोरीची विटाळ, हे मला तिथं बसून पटलं नाही आणि आजही पटत नाही.

माय उठून त्या पोरीजवळ जाऊन बसली. पिशवीतून दशमी काढून तिच्या हातात दिली, शेंगदाण्याची चटणी घातली. मग मला म्हणाली, "तिला सांग, रडू नगं म्हणावं. देवी बी बसलीय, तू बी बसलीस. तिला जोडीदारीण झाली."

मी सांगितलं. पोरीनं मायकडं पाहिलं. तिला ते पटलं की नुसतं बरं वाटलं, मला सांगता येणार नाही. तिनं दशमी खाल्ली आणि मग मायच्या मांडीवर डोकं ठेवून ती पडून राहिली. माय तिच्या केसांतून बोटं फिरवत होती. फडावरून आल्यावर ती आमच्या डोक्यातून फिरवायची तशीच, कोयत्यानं टणक झालेली बोटं.

त्याच्या आदल्या दिवशी धाकट्या भावाचा फोन येऊन गेला होता. गावाकडं पावसाचा थेंब नाही, रान तापलंय, मृग कोरडा गेला. मायनं फोन घेतला आणि त्याला म्हणाली, "दोन दिस कुळव घालू नको बरं का." तो वैतागला. पाऊसच नाही तर कुळव कुठं घालू, आणि हे आता नवीन काय काढलंस? माय म्हणाली, "नागपंचमीला घालतो का? मग." आणि फोन माझ्याकडं दिला. 25 तारखेला, रविवारी, मांडवात कुणाच्या तरी मोबाइलवर बातमी लागली होती की मोसमी पाऊस मुंबईत आणि दिल्लीत एकाच दिवशी पोचला. मी मायला सांगितलं. ती म्हणाली, "पोचंल. आपल्याकडं बी पोचंल."

26 ला सकाळी दार उघडलं. ढोल, घंटा, उलूध्वनी. बंगाली आणि आसामी बाया जिभेनं तो जो आवाज काढतात, तो हजारो तोंडांतून एकदम उठला आणि डोंगर थरारला. आम्ही दुपारी रांगेत लागलो आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आत गेलो. लोखंडी जाळ्यांच्या अरुंद रांगा, त्यातच माणसं बसून झोपतात, पुढं सरकतात, पुन्हा बसतात. मायला मी दोनदा म्हटलं, राहू दे, बाहेरूनच हात जोडू. तिनं ऐकलं नाही.

आपल्या बऱ्याच देव्यांना मूर्ती नसते, तांदळा असतो. माहूरच्या रेणुकेचा नुसता मुखवट्यासारखा तांदळा आहे, शेंदरानं माखलेला, मोठ्या डोळ्यांचा. कामाख्येला तेवढंही नाही. सतीची योनी इथं पडली अशी कथा, आणि आत आहे ती खडकातली एक भेग, तिच्यातून झिरपणारा झरा. बस. देवीकडं वर बघायचं नसतं, खाली उतरायचं असतं. उंच, निसरड्या पायऱ्या. विजेचा दिवा नाही, समईचा उजेड. भिंती ओल्या, हाताला गार लागणाऱ्या. शतकानुशतकांचं तेल आणि धूर यांचा वास. पायाखाली फुलांचा चिखल. दगडावर लाल कापड आणि जास्वंदीचा ढीग, आणि एका बाजूला, जिथं पुजारी तुमचा हात धरून नेतो, तिथं बोटांना पाणी लागतं.

मला वाटलं होतं माय रडेल, किंवा मोठ्यानं नाव घेईल. तिनं तसलं काही केलं नाही. गुडघे दुखत असताना ती खाली वाकली, हात पाण्यात घातला आणि तसाच ठेवला. मागून रेटा येत होता. "माताजी, आगे चलिए," पुजारी म्हणाला. तिनं हात काढला. लोक ते पाणी डोळ्यांना लावतात, डोक्याला लावतात, पितात. मायनं ओला तळवा लुगड्याच्या निऱ्यांच्या वर, ओटीपोटावर ठेवला. जिथं टाके आहेत तिथं. दाबून ठेवला, पोटात कळ आली की बाई धरते तसा. मग सोबत आणलेला खण-नारळ पुजाऱ्याच्या हातात दिला आणि पायऱ्या चढायला लागली. लुगड्यावर हाताचा ओला ठसा उठला होता. वर उजेडात आल्यावर तो स्पष्ट दिसला, पाचही बोटांचा.

मी तिला सावलीला बसवलं. चहा आणून दिला.

"काय मागितलंस?"

"मागायचं काय?" तिनं बशीत चहा ओतला. "म्हणलं, बस बाई निवांत."

लाल कापडाचे दोन तुकडे तिनं घेतले होते. एक त्या नदियाच्या पोरीला नेऊन दिला, तिच्या सासूच्या समोर, तिच्या हातात. सासू काही बोलली नाही. दुसरा पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला.

परतीच्या गाडीत माय झोपली. पस्तिसाव्या वर्षापासून जिला सलग चार तास झोप लागलेली मी पाहिली नाही, ती खालच्या बर्थवर भिंतीकडं तोंड करून, पोटाशी पाय घेऊन झोपली ती झोपलीच. चहावाले ओरडत गेले, स्टेशनं गेली, रात्र झाली, दिवस उजाडला. जेवायला उठवलं तर दोन घास खाऊन पुन्हा आडवी. दुसऱ्या दिवशी इटारसीच्या पुढं भावाचा फोन आला. पाऊस झाला होता. चांगला ओल धरणारा. उद्या तिफण धरतो म्हणाला, आईला विचार, कपाशी का तूर कुठल्या तुकड्यात, आणि चाड्यावर बियाची मूठ कोण धरणार.

"ती झोपलीय," मी म्हटलं.

"उठव की मग, दोन मिनिटांचं काम."

मी तिच्याकडं पाहिलं. पदराची गाठ मुठीत होती.

"नाही उठवत," मी म्हटलं. "परवा पेर."